हिपॅटायटिसच्या काविळीत एचडीएल ८ आले, तर काय समजायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भावाचे वय ३८. दहा दिवसांपूर्वी ताप आणि मळमळ, मग डोळे पिवळे. हिपॅटायटिस ए ची आयजीएम (ताज्या संसर्गाची खूण) पॉझिटिव्ह, बिलिरुबिन (काविळीचे पिवळे द्रव्य) ११.४, एसजीपीटी (यकृतपेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) १८६०, आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेची तपासणी) १.२. तपासण्यांच्या पॅकेजमध्ये लिपिड प्रोफाइलही होते. त्यात एकूण कोलेस्टेरॉल १६८, ट्रायग्लिसराइड ३१२, एचडीएल म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल ८ आणि एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल ९८ (सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल यांचे गुणोत्तर २१, आणि त्यापुढे लाल अक्षरांत ‘हृदयविकाराचा धोका अत्यंत जास्त’. सहा महिन्यांपूर्वी हेच आकडे अनुक्रमे २१४, १४८, ४३ आणि १४१ होते. तेव्हापासून ॲटोरव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधाची १० मिलिग्रॅमची गोळी सुरू आहे. एचडीएल एवढे कोसळले कसे, हृदयाला धोका आहे का, आणि गोळी वाढवायची की बंद करायची, हे तुम्ही विचारले आहे.

त्या लाल अक्षरांनी घाबरून जाऊ नका. हृदयाच्या धोक्याचे जे कोष्टक रिपोर्टवर छापलेले असते, ते एरवी तब्येत ठीक असलेल्या माणसांवरून बनवलेले आहे. यकृताला तीव्र सूज असताना ते लागू पडत नाही. एचडीएल ८ हा आकडा चुकीचा असेलच असे नाही. या आजारात एचडीएल एक आकडी होते हे मी अनेकदा पाहिले आहे. तो आकडा यकृताची सध्याची अवस्था सांगतो. पुढच्या दहा वर्षांत हृदयविकार होईल का, हे त्यावरून ठरवता येत नाही. स्टॅटिनची गोळी तूर्त थांबवावी असे माझे मत आहे. ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून करा, कारण त्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो पुढे सांगतो.

आता हे घडते कसे. चरबी पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तात कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड प्रथिनांच्या वेष्टनातल्या कणांमधून फिरतात. या कणांना लायपोप्रोटीन म्हणतात. त्यांचा जवळजवळ सगळा कारभार यकृताकडे आहे. ट्रायग्लिसराइडने भरलेले व्हीएलडीएल कण यकृत तयार करून रक्तात सोडते. त्यातली चरबी शरीराने वापरली की उरलेल्या कणाचे एलडीएल बनते, आणि एलडीएलचा मोठा भाग पुन्हा यकृतच आपल्या रिसेप्टरांनी, म्हणजे पेशींवरच्या पकडणाऱ्या प्रथिनांनी, उचलून घेते. एचडीएलचे मुख्य प्रथिन, ॲपो ए-वन, यकृतात आणि आतड्यात बनते. या कणांवर रक्तात जी एन्झाइमे काम करतात त्यांतली दोन फार महत्त्वाची एन्झाइमेही यकृतातच बनतात. एकाचे नाव एलकॅट, दुसऱ्याचे हिपॅटिक लायपेज. शिवाय नको असलेले कोलेस्टेरॉल शरीराबाहेर टाकण्याची मुख्य वाट पित्तातून जाते, आणि पित्तही यकृतच बनवते. म्हणजे कण बनवणे, त्यांना घडवणे, परत घेणे आणि उरलेले बाहेर टाकणे ही चारही कामे एकाच अवयवाची. हिपॅटायटिसमध्ये ही चारही कामे एकदम बिघडतात, पण सारख्या प्रमाणात नाही. म्हणूनच दोन रुग्णांची लिपिड प्रोफाइल एकमेकांसारखी दिसत नाहीत, आणि त्याच रुग्णाची पहिल्या आणि पाचव्या आठवड्यातलीही जुळत नाहीत.

या सगळ्यात एलकॅटकडे मी सर्वांत जास्त लक्ष देतो, कारण एचडीएलचे कोडे तिथेच सुटते. जॉन ग्लॉमसेट यांनी १९६२ मध्ये या एन्झाइमचे काम उलगडून दाखवले. कणाच्या पृष्ठभागावर मुक्त कोलेस्टेरॉल असते; एलकॅट त्याला एक स्निग्धाम्ल जोडते आणि त्याचे एस्टर बनवते. एस्टर पाण्यापासून पळते, म्हणून ते कणाच्या गाभ्यात जाऊन बसते. नव्याने जन्मलेले एचडीएल चपट्या चकतीसारखे असते. रिकामी पिशवी भरत गेली की गोल होते, तशी ही चकती गाभ्यात एस्टर साठत गेल्यावर गोल होते आणि रक्तात टिकते. एलकॅट कमी पडले की चकत्या चकत्याच राहतात. त्या टिकाऊ नसतात. त्यांच्यावरचे सुटे झालेले ॲपो ए-वन मूत्रपिंडातून गाळले जाते आणि नष्ट होते. तयार होणारे एचडीएल कमी, तयार झालेले अपक्व, आणि जे आहे ते लवकर संपणारे. यात ॲपो ए-वनचे उत्पादन घटल्याची भर पडते. त्याशिवाय कोणत्याही तीव्र संसर्गात शरीर जी दाहक रसायने सोडते तीही एचडीएल खाली ओढतात, कारण सिरम ॲमिलॉइड ए नावाचे प्रथिन एचडीएलवरची ॲपो ए-वनची जागा बळकावते. इतके सगळे एकत्र आल्यावर ४३ चे ८ व्हायला फार दिवस लागत नाहीत. ॲपो ए-वनचे रक्तातले अर्धायुष्यच, म्हणजे निम्मे संपायला लागणारा वेळ, चार-पाच दिवसांचे आहे.

निरोगी माणसाच्या रक्तातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी साधारण ७० टक्के एस्टरच्या रूपात असते. तीव्र हिपॅटायटिसमध्ये हा वाटा घसरतो आणि मुक्त कोलेस्टेरॉलचा वाढतो. १९२० च्या दशकात जर्मन डॉक्टरांच्या हे ध्यानात आले होते, आणि त्यानंतर बराच काळ एस्टरचे प्रमाण ही यकृताची तपासणी म्हणूनच केली जात असे. एसजीपीटी आणि आयएनआर आल्यावर ती मागे पडली. आजच्या लिपिड प्रोफाइलमध्ये मुक्त आणि एस्टर हे वेगळे दाखवतच नाहीत, दोन्हींची बेरीज तेवढी दिसते. म्हणून तुमच्या भावाचे १६८ हे एकूण कोलेस्टेरॉल पाहून कोणी ‘नॉर्मल’ म्हणेल, पण त्या १६८ च्या आतली वाटणी सहा महिन्यांपूर्वीच्या २१४ पेक्षा अगदी वेगळी असणार.

वाढलेले मुक्त कोलेस्टेरॉल तांबड्या पेशींच्या आवरणातही शिरते. आवरण पसरते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मधोमध ठिपका असलेल्या लक्ष्यासारख्या दिसू लागतात. रक्ताच्या स्मिअरमध्ये (काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या तपासणीत) ‘टार्गेट सेल्स’ असा शेरा आला तर रक्ताचा वेगळा आजार म्हणून लगेच धावपळ करू नका. यकृत बरे झाले की त्या जातात.

कमी एचडीएलमुळे हृदयाला धोका नाही असे मी इतक्या ठामपणे म्हणतो, त्यामागे निसर्गानेच केलेला एक प्रयोग आहे. १९६७ मध्ये नॉर्वेतल्या नोरुम आणि योने यांनी एका कुटुंबातल्या तीन बहिणींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्यात एलकॅट जन्मतःच नव्हते. अशा लोकांचे एचडीएल आयुष्यभर अत्यंत कमी असते. त्यांना बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावर धूसरपणा येतो, रक्तक्षय होतो, मूत्रपिंडे खराब होतात. पण एचडीएल इतके खाली असूनही त्या मानाने हृदयविकार दिसत नाही. आयुष्यभराच्या कमतरतेची ही कथा असेल, तर काही आठवड्यांच्या कमतरतेने धमन्या बिघडतील अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. धमन्यांतले थर साठायला वर्षे लागतात.

आता ट्रायग्लिसराइड. ते वाढते ते मुख्यतः उपसा कमी झाल्यामुळे. हिपॅटिक लायपेज हे एन्झाइम व्हीएलडीएलच्या उरलेल्या कणांतली चरबी आणखी फोडून त्यांना आटोपशीर एलडीएल बनवते. ते कमी पडले की अर्धवट फोडलेले, ट्रायग्लिसराइडने भरलेले कण रक्तात रेंगाळतात. एलडीएल आणि एचडीएल यांच्या गाभ्यातही एस्टरच्या जागी ट्रायग्लिसराइड जाऊन बसते. जुन्या पद्धतीने रक्तद्रवातल्या लायपोप्रोटीनांचे विद्युत-पृथक्करण केले (विजेच्या प्रवाहाने कण वेगळे केले) की एरवी अल्फा, प्री-बीटा आणि बीटा असे तीन पट्टे दिसतात. तीव्र हिपॅटायटिसच्या ऐन भरात अल्फा आणि प्री-बीटा जवळपास नाहीसे होतात आणि बीटाच्या जागी एकच रुंद, पसरट पट्टा उरतो. इतके ठळक चित्र फार थोड्या आजारांत दिसते. कणांची जातवारीच मोडलेली असते, आणि आपण मात्र नेहमीच्या चार आकड्यांत तिला बसवायला जातो.

त्यात उपाशीपणाची भर असते. रुग्ण नीट जेवत नाही, शरीर साठवलेली चरबी सोडते, ती स्निग्धाम्ले यकृताकडे जातात. दुसरीकडे सलाइनमधून ग्लुकोज चालू असेल तर त्यानेही ट्रायग्लिसराइड चढते. रक्त कधी घेतले आणि कोणत्या हातातून घेतले, हे म्हणून विचारावे. ग्लुकोजची बाटली चालू असलेल्या हातातून घेतलेल्या नमुन्यावर साखर, सोडियम, लिपिड यांपैकी कशाचाच भरवसा धरता येत नाही.

तीव्र हिपॅटायटिसमधली ट्रायग्लिसराइडची वाढ बहुधा मध्यम असते. २५० ते ४०० च्या आसपास आकडे आले तर मी वेगळे कारण शोधत बसत नाही. पण ५०० च्या पुढे गेले तर शोधतो: मधुमेह, थायरॉइड, दारू, स्टेरॉइड किंवा इतर औषधे. १००० च्या पुढे गेले तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका खरा असतो, आणि तेव्हा पोटदुखीकडे दुर्लक्ष करायचे नाही. कावीळ, खूप वाढलेली चरबी आणि तांबड्या पेशी फुटून होणारा रक्तक्षय हे तिन्ही एकत्र दिसले तर दारूमुळे होणारा झीव्ह सिंड्रोम आठवावा. रिपोर्टमध्ये विषाणू सापडला म्हणून दारूबद्दल विचारायचे राहून जाते; ते राहू देऊ नये.

एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएलचे वागणे सर्वांत फसवे असते, कारण ते दोन उलट दिशांना ओढले जातात. यकृतपेशी जखमी झाल्या की उत्पादन घटते आणि आकडा खाली येतो. पित्त तुंबले की तो वर जातो. हिपॅटायटिस ए मध्ये काही रुग्णांत पेशींची सूज ओसरत आली तरी पित्ताचा प्रवाह सुरळीत होत नाही. एसजीपीटी खाली येते, पण बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त तुंबले की वाढणारे एन्झाइम) वरच राहतात, अंगाला असह्य खाज सुटते, आणि कावीळ तीन-तीन महिने रेंगाळते. याला कोलेस्टॅटिक हिपॅटायटिस म्हणतात. अशा रुग्णाचे कोलेस्टेरॉल ३००-४०० झालेले पाहून घरचे लोक हादरतात, कारण दोन महिन्यांपूर्वी तेच १५० होते.

हे वाढलेले कोलेस्टेरॉल बरेचसे लायपोप्रोटीन-एक्स नावाच्या विचित्र कणातले असते. पित्तात जायचे फॉस्फोलिपिड (पेशींच्या आवरणात असते तशी चरबी) आणि मुक्त कोलेस्टेरॉल रक्तात परतते आणि त्याचे पोकळ, दुपदरी फुगे बनतात. त्यात सुमारे दोन-तृतीयांश फॉस्फोलिपिड, पाव भागाहून थोडे कमी मुक्त कोलेस्टेरॉल, आणि प्रथिन अगदी थोडे. एलडीएलची ओळख असलेले ॲपो बी हे प्रथिन या कणावर नसते, म्हणून यकृताचे एलडीएल रिसेप्टर त्याला ओळखत नाहीत आणि तो रक्तात साचत जातो. घनतेने मात्र तो एलडीएलच्याच पट्ट्यात बसतो. त्यामुळे प्रयोगशाळेच्या बहुतेक पद्धती त्याला एलडीएलमध्ये मोजतात आणि रिपोर्टवर ‘एलडीएल २८०’ असे छापून येते. खरे एलडीएल किती, हे पाहायचे असेल तर ॲपो बी मोजायला सांगावे. एलडीएल प्रचंड आणि ॲपो बी साधारण, अशी विसंगती दिसली की उत्तर मिळाले. या कणाने धमन्या तुंबतात असे दिसत नाही, आणि स्टॅटिनने तो कमीही होत नाही, कारण स्टॅटिनचा मुख्य परिणाम ज्या रिसेप्टरमार्फत होतो त्याच्याशी या कणाचा संबंधच नाही. पित्त मोकळे झाले की तो आपोआप जातो.

याच कणामुळे आणखी एक घोटाळा होतो. तो फार वाढला तर रक्तद्रवातली पाण्याची जागा कमी होते आणि नमुना पातळ करून मोजणाऱ्या यंत्रावर सोडियम खोटे कमी दिसते. रुग्ण शुद्धीत, नीट बोलतो आहे आणि सोडियम ११८, असे दिसले तर सलाइन चढवण्याआधी ब्लड गॅसच्या यंत्रावर सोडियम पुन्हा तपासून घ्यावे. त्या यंत्रात नमुना पातळ न करता मोजतात.

तुमच्या भावाच्या रिपोर्टवरचे एलडीएल ९८ हे प्रत्यक्ष मोजलेले नसून हिशेबाने काढलेले आहे. १६८ मधून ८ वजा, मग ३१२ चा पाचवा भाग म्हणजे ६२ वजा, उरले ९८. हे १९७२ चे फ्रीडवाल्ड यांचे सूत्र. त्यात असे गृहीत धरले आहे की ट्रायग्लिसराइड बहुतांशी व्हीएलडीएलमध्ये असते आणि तिथे कोलेस्टेरॉलचे प्रमाण त्याच्या पाचव्या भागाइतके असते. एरवी ४०० पर्यंतच्या ट्रायग्लिसराइडला ते चालते. हिपॅटायटिसमध्ये ट्रायग्लिसराइड भलत्याच कणांत जाऊन बसलेले असते, त्यामुळे ४०० च्या खालीही हे गृहीतक टिकत नाही. शिवाय १० मिलिग्रॅम ॲटोरव्हास्टॅटिनने एलडीएल साधारण ३५ ते ४० टक्के उतरते. १४१ वरून ९० च्या आसपास येणे एकट्या गोळीनेही घडले असते. तेव्हा ९८ या आकड्यात गोळीचा वाटा किती, आजाराचा किती आणि सूत्राच्या चुकीचा किती, हे आज कोणी वेगळे करू शकणार नाही. तो आकडा बाजूला ठेवणेच बरे.

मोजणीबद्दल अजून एक. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड मोजण्याच्या नेहमीच्या रासायनिक पद्धतीत शेवटी एक रंग तयार होतो आणि त्याची गडदता यंत्र वाचते. बिलिरुबिन खूप असेल तर ते या अभिक्रियेत अडथळा आणते आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. एचडीएल थेट मोजण्याच्या पद्धतीही नेहमीच्या घडणीचे कण गृहीत धरून बनवलेल्या आहेत; कणांची घडणच बदललेली असेल तर दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत. म्हणून एचडीएल ८ की १२, यावर डोके शिणवू नका. ते खूप कमी आहे, एवढे पुरे.

मग या आकड्यांचा उपयोग काहीच नाही का? थोडा आहे. यकृताची उत्पादनक्षमता खालावत चालली की कोलेस्टेरॉल सतत उतरत जाते, आणि बरे होऊ लागले की एचडीएल, ॲपो ए-वन आणि एस्टरचा वाटा चढू लागतो. गंभीर रुग्णात दर काही दिवसांनी घसरत जाणारे कोलेस्टेरॉल पाहून मी जास्त सावध होतो. पण निर्णय घ्यायला याहून जलद आणि खात्रीची साधने आहेत. रक्त गोठवणाऱ्या सातव्या घटकाचे अर्धायुष्य जेमतेम चार ते सहा तासांचे असल्याने आयएनआर यकृताची बातमी सर्वांत आधी देतो. तुमच्या भावाचा आयएनआर १.२ आहे, ही त्या सगळ्या कागदातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट. तो १.५ च्या वर गेला, किंवा भाऊ दिवसा झोपाळू आणि रात्री जागा राहू लागला, बोलण्यात गोंधळ आला, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येऊ लागले, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. एसजीपीटी उतरते आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एसजीपीटी उतरताना बिलिरुबिन आणि आयएनआर चढत असतील, तर मरायला पेशीच फारशा उरलेल्या नाहीत असा त्याचा अर्थ होऊ शकतो. पित्त तुंबल्यामुळे व्हिटॅमिन के शोषले गेले नसेल तर आयएनआर त्या इंजेक्शनाने सुधारतो. यकृतच प्रथिने बनवत नसेल तर सुधारत नाही. हा फरक कोणत्याही लिपिड प्रोफाइलपेक्षा मोलाचा.

विषाणू कोणता, यावरून तीव्र अवस्थेतले लिपिडचे चित्र फारसे बदलत नाही. ए असो, बी असो की ई, यकृताला इजा किती आणि पित्त किती तुंबले, यावर ते ठरते. सी मात्र निराळा आहे. हा विषाणू रक्तात फिरतानाच लायपोप्रोटीनांना चिकटून, जवळपास त्यांचाच भाग बनून फिरतो, आणि यकृतपेशीत शिरताना चरबी आत घेण्याच्या काही दारांचाही उपयोग करतो. त्यामुळे दीर्घकाळच्या हिपॅटायटिस सी मध्ये एलडीएल कमी राहते आणि औषधांनी विषाणू नाहीसा झाल्यावर ते वर येते. अशा रुग्णांना मी आधीच सांगून ठेवतो की बरे झाल्यावर कोलेस्टेरॉल वाढलेले दिसेल, ते तेव्हा तपासायचे आणि गरज असेल तर त्यावर उपचार करायचे. हिपॅटायटिस बी चा विषाणू यकृतपेशीत शिरतो तो पित्ताम्ले आत घेणाऱ्या एनटीसीपी या दारातून. हे २०१२ मध्ये कळले. चरबीच्या कारभाराशी या विषाणूंचे नाते इतके जवळचे आहे.

आता गोळी. भावाला आधी हृदयविकार झालेला नाही, स्टेंट नाही, गोळी केवळ भविष्यातला धोका कमी करण्यासाठी आहे. अशा माणसाने ती दोन-तीन महिने बंद ठेवली तर तोटा नगण्य आहे. चालू ठेवली तर फायदाही नगण्य, उलट ॲटोरव्हास्टॅटिनची विल्हेवाट लावणारे यकृतच आजारी असल्याने औषध रक्तात साचू शकते, आणि पुढे एसजीपीटी पुन्हा चढले तर दोष विषाणूचा की गोळीचा हे कळत नाही. म्हणून थांबवा. एचडीएल पाहून डोस वाढवण्याचा तर प्रश्नच नाही. स्टॅटिनने एचडीएल तसेही फारसे वाढत नाही. ट्रायग्लिसराइडसाठी फेनोफायब्रेट किंवा नायसिन ही औषधे आत्ता सुरू करू नयेत. खाज कमी करण्यासाठी कोलेस्टायरामिनची पूड दिली असेल, तर ती इतर औषधे आणि व्हिटॅमिन के आतड्यातच धरून ठेवते; बाकीची औषधे तिच्या एक तास आधी किंवा चार-सहा तासांनंतर घ्यायची. त्या पुडीने ट्रायग्लिसराइड थोडे वाढू शकते, हेही माहीत असू द्या.

वर म्हटलेला अपवाद हा: ज्याला अलीकडेच हृदयविकाराचा झटका आला आहे किंवा स्टेंट बसवला आहे, त्याने स्टॅटिन आपल्या मनाने बंद करू नये. तिथे हृदयरोगतज्ज्ञ आणि यकृताचे डॉक्टर यांनी एकत्र बसून ठरवायचे असते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचेही तसेच, कारण यकृताच्या आजारात त्यांचा परिणाम बदलतो.

आणि कृपा करून भावाच्या फाइलवर ‘स्टॅटिनमुळे यकृत बिघडले’ असा शिक्का बसू देऊ नका. आयजीएम पॉझिटिव्ह आहे, लक्षणे आणि आकडे हिपॅटायटिस ए शी जुळतात. असा शिक्का एकदा बसला की पुढे खरोखर गरज पडेल तेव्हाही डॉक्टर ती गोळी द्यायला कचरतात. यकृत पूर्ण बरे झाल्यावर स्टॅटिन पुन्हा घ्यायला हरकत नसते. फॅटी लिव्हर किंवा जुना स्थिर हिपॅटायटिस असलेल्यांनाही ते देतात.

खाण्याबाबत मला जरा आग्रहाने सांगायचे आहे. ट्रायग्लिसराइड ३१२ पाहून घरात तेल-तूप पूर्ण बंद होते, आणि आधीच न जेवणारा रुग्ण आणखी खंगतो. बिनचरबीच्या आहाराने हिपॅटायटिस लवकर बरा होतो याला आधार नाही, आणि हे वाढलेले ट्रायग्लिसराइड जेवणातल्या चरबीमुळे आलेले नाही. ज्याने मळमळ होते ते टाळावे, बाकी रुचेल ते पोटभर द्यावे. बहुतेकांना सकाळी भूक असते आणि दिवस चढेल तशी मळमळ वाढते, म्हणून दिवसाचे मुख्य जेवण सकाळीच उरकावे. दारू पूर्ण बंद. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणापलीकडे नको.

लिपिड प्रोफाइल पुन्हा कधी करायचे? दर आठवड्याच्या रक्ततपासणीत ते मुळीच नको. पैसे जातात आणि घरात भीती वाढते. बिलिरुबिन आणि एसजीपीटी नॉर्मल होऊ द्या, जेवण आणि वजन पूर्वपदावर येऊ द्या, आणि त्यानंतर आणखी महिना-दीड महिना थांबा. हिपॅटायटिस ए च्या बहुतेक रुग्णांत आजार सुरू झाल्यापासून तीन ते चार महिन्यांत ही वेळ येते. काही जणांत बरे वाटू लागल्यावर आजार पुन्हा उसळी घेतो आणि एसजीपीटी दुसऱ्यांदा चढते. तसे झाले तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावायचे. घाईने सहाव्या आठवड्यात तपासणी केली तर बहुधा एचडीएल वीस-पंचवीसवर अडलेले आणि कोलेस्टेरॉल नेहमीपेक्षा वर गेलेले दिसेल, आणि पुन्हा तीच घबराट.

ती तपासणी स्टॅटिन पुन्हा सुरू करण्याआधी करा. गोळीविना खरे आकडे काय आहेत हे पाहण्याची ही चांगली संधी आहे. सहा महिन्यांपूर्वी एलडीएल १४१ होते. रक्तदाब, साखर, तंबाखू आणि घरातला हृदयविकाराचा इतिहास यांच्यासोबत तो आकडा पाहूनच गोळी खरोखर हवी का हे पुन्हा ठरवता येईल. एचडीएल ४० च्या आसपास परतले की हा विषय संपला. यकृताच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल होऊनही ते २० च्या खाली राहिले, तर मात्र ते आजारावर ढकलू नका. ॲनाबॉलिक (स्नायू वाढवणारी) स्टेरॉइड घेतली जात आहेत का हे विचारा, आणि ॲपो ए-वन मोजून एलकॅटची किंवा एचडीएलची आनुवंशिक कमतरता आहे का ते पाहा. ट्रायग्लिसराइड वर राहिले तर साखर, थायरॉइड, दारू आणि यकृताची सोनोग्राफी, या क्रमाने शोध घ्या.